बलकाचं नाव राहिलं, वाटाड्याचं गेलं

मागच्या महिन्यात एक वेगळंच काम अंगावर आलं. आमच्या कडावातली, आमच्याच आळीतली एक मुलगी लग्न होऊन सिंगापूरला असते. सासर तमिळ. नवरा, सासू-सासरे सगळे क्रूझवर निघालेले आणि जहाज मुंबईत एक दिवस थांबणार. तिचा फोन आला, "दादा, सासऱ्यांना घारापुरी बघायचीय. जहाजवाल्यांची टूर आहे, पण घोळका मोठा आणि पैसे डॉलरमध्ये. तुम्ही पत्रकार. एखादा चांगला गाईड बघून द्या ना."

माझ्या ओळखीचा कुणी गाईड नव्हता. पण घारापुरी म्हणजे उरण तालुका, आपला रायगड जिल्हा. नाही कसं म्हणणार? सकाळची कर्जत लोकल पकडली आणि गेटवेला जाऊन उभा राहिलो.

आधी वेळेचं गणित सांगतो, कारण क्रूझवाल्यांचा सगळा जीव त्यातच अडकलेला असतो. जहाज बॅलार्ड पियरला. तिथून गेटवे जवळ. गेटवेहून लाँचने जायला साधारण तास, यायला तास. वर धक्क्यापासून चालणं आणि १२० च्या आसपास पायऱ्या. म्हणजे लेण्यांत हातात उरतात दोन-अडीच तास. सोमवारी लेणी बंद. डिसेंबर २०२४ च्या अपघाताची आठवण अजून ताजी आहे, त्यामुळे लाँचवर सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातलं की नाही ते मी दोनदा बघितलं.

गेटवेवरच एक जण मागे लागला. इंग्रजी फर्डं, हातात फोटोंचा अल्बम. "त्रिमूर्ती, ब्रह्मा-विष्णू-महेश, ऑल एक्सप्लेन," असं त्याचं सुरू. मी म्हटलं, नको, वर गेल्यावर बघू. वर पायऱ्यांच्या तोंडाशी बेटावरचाच एक पन्नाशीचा माणूस भेटला. गळ्यात ओळखपत्र. पैसे आधी ठरवले, किती वेळ देणार तेही ठरवलं. (हे आधीच करा. नंतर घासाघीस केली की दोघांचाही मूड जातो.) त्याचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं. पण मोठ्या तीन तोंडांसमोर उभं राहून तो म्हणाला, "साहेब, लोक त्रिमूर्ती बोलतात. ही त्रिमूर्ती नाय. हा सदाशिव. तिन्ही तोंडं शंकराचीच." डावीकडचा रागीट अघोर, हातात नाग. उजवीकडे वामदेव, बाईमाणसासारखा नाजूक चेहरा. मधला शांत. सासऱ्यांना 'सदाशिव' हा शब्द इंग्रजीशिवाय कळला आणि त्यांनी हात जोडले. १८ फुटांच्या आसपास उंचीचं ते शिल्प, त्याच्यासमोर म्हातारा माणूस दहा मिनिटं काही बोललाच नाही. घोळक्यातून आले असते तर ही दहा मिनिटं मिळाली नसती.

पुढे अर्धनारीश्वर, गंगाधर, कैलास हलवणारा रावण, शंकर-पार्वतीचं लग्न. मग सुनेने साधा प्रश्न विचारला, "हे कोणी कोरलं?"

इथे गाईड थोडा थांबला. प्रश्न अवघड आहेच. लेणी साधारण सहाव्या शतकातली. वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांनी ती कलचुरींची मानली. कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी बेटावर सापडली, हा त्याला आधार. दुसरे कोकणच्या मौर्यांचं नाव घेतात, कुणी आणखी कुणाचं. वाद मिटत नाही, कारण शिलालेख नाही.

शिलालेख होता मात्र. ही गोष्ट गाईडने सांगितली नाही, मी सांगितली, कारण मला ती फार लागते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यात हे बेटही गेलं. गोव्याचा पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कूतो लिहून ठेवतो की आपल्या लोकांनी लेण्याच्या दारावरचा एक प्रसिद्ध दगड काढला. त्यावर मोठ्या, सुबक अक्षरांत लेख कोरलेला होता. गव्हर्नरने तो वाचू शकेल असा हिंदू किंवा मुसलमान शोध शोध शोधला. कुणी मिळालं नाही. दगड पोर्तुगालला राजा तिसरा जॉन याच्याकडे गेला, त्यानेही खटपट केली. कुणालाच वाचता आला नाही आणि पुढे त्या दगडाचा पत्ताच लागला नाही.

म्हणजे बघा, एवढं साम्राज्य, एवढी जहाजं, आणि अडलं कुठे? वाचून दाखवणाऱ्या एका माणसावाचून.

पण त्याच कूतोकडे एक कथाही आहे. हे लेणं बाणासुर राजाने बांधलं आणि त्याची मुलगी उषा इथे राहायची. आता बाणासुर आणि उषा हे काही लिस्बनमध्ये सुचायचं नाव नव्हे. ते इकडच्याच कुणीतरी सांगितलं असणार. गोऱ्या पाहुण्याला लेणं दाखवताना, तोडक्यामोडक्या भाषेत. त्या माणसाचं नाव कूतोने लिहिलेलं नाही.

परतीच्या लाँचवर न्हावा-शेवाच्या क्रेन बघत मी गप्पच होतो. मंडळी वेळेत जहाजावर चढली, सासऱ्यांनी गाईडला ठरल्यापेक्षा जास्त दिले होते, सगळं छान झालं. माझ्या डोक्यात मात्र आपलं कोंढाणं फिरत होतं.

आपल्याकडच्या किती जणांनी कोंढाणे लेणी बघितलीत? कर्जत ओलांडून कोंदिवड्याला जायचं आणि राजमाचीच्या पोटात चढायचं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची पोरं तिथून राजमाचीला जातात, लेण्याच्या तोंडावरून पडणाऱ्या धबधब्याखाली रील काढतात आणि पुढे सरकतात. चैत्यगृहाचे खांब खालून तुटलेत, तरी कमान बघा. लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात. आणि दर्शनी भागाच्या डाव्या अंगाला एका मोडक्या मूर्तीच्या डोक्याशी ब्राह्मीतली एक ओळ आहे. अर्थ एवढाच: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं.

घारापुरीला हे भाग्य नाही. तिथे एवढी शिल्पं आणि एकही नाव नाही. आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस स्वतःचं आणि गुरूचं नाव सांगतोय. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली, म्हणून आज ते वाचता येतं. लेणी अभ्यासकांच्या नजरेस आणली विष्णुशास्त्री यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. पाठोपाठ ठाण्याचे कलेक्टर लॉ साहेब जाऊन आले. (तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होतं.) ही दोन्ही नावं ग्रंथांत आहेत. पण त्या रानात शास्त्रीबुवांना आणि साहेबाला वाट कोणी दाखवली? कुणी ठाकर असेल, कातकरी असेल, कोंदिवड्याचा शेतकरी असेल. तो ग्रंथात नाही.

आता स्वतःचं सांगतो, नाहीतर इतरांना बोलण्यात अर्थ नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी नवीन नवीन बातम्या लिहायला लागलो तेव्हा माझा पहिला मोठा लेख कोंढाण्यावर छापून आला होता. मला तिथे नेलं होतं कोंदिवड्याच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या बाबांनी. वाटेत भाकरी दिली, झरा दाखवला, मूर्तीच्या डोक्याजवळ बोट ठेवून म्हणाले, "इथं कायतरी लिवलंय बघ." मला ती ओळ त्यांनी दाखवली. लेखात मी काय लिहिलं? 'स्थानिकांच्या मते.' नाव नाही, फोटो नाही. पैसेही विचारले नाहीत, त्यांनी मागितले नाहीत म्हणून.

कूतो परका होता. मी तर कडावचा.

आज त्या भागातली पोरं ट्रेकर्सना राजमाचीची वाट दाखवतात, शे-दोनशे रुपयांवर. लेण्यापाशी आले की "ही जुनी गुहा" म्हणून पुढे. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही. घारापुरीचा माणूस जे करतो ते ही पोरं दोन दिवसांच्या शिकवणीत करू शकतील: सदाशिवाऐवजी बलक, एवढाच फरक. आपल्या कॉलेजांतले इतिहासाचे मास्तर आणि ब्राह्मी वाचणारी दोन-तीन मंडळी तयार आहेत, माझं बोलणं झालंय. ग्रामपंचायतीने एक हॉल द्यावा, बाकी बघू. पोरांनी दर ठरवून फलकावर लावावा, म्हणजे पाहुणाही फसणार नाही आणि पोरगाही.

परवा कोंदिवड्याला जाऊन आलो. बाबा आता नाहीत. मुलगा भेटला, शेतात होता. त्याला तो जुना लेख दाखवला, 'स्थानिकांच्या मते' वर बोट ठेवून सांगितलं की हे म्हणजे तुझे वडील. तो हसला, म्हणाला, "बाबा लय सांगायचे, एक पेपरवाला आला होता." वडिलांचा फोटो शोधून ठेवतो म्हणालाय. घरच्यांना विचारून हो म्हणाला तर पुढच्या पोस्टमध्ये नावासकट टाकतो.