रंगदुरुस्तीचा मागोवा: अजिंठ्यापासून राजूरपर्यंत

फोटोतले रंग मागाहून दुरुस्त करण्याच्या किंवा हवे तसे वळवण्याच्या कामाला आज कलर ग्रेडिंग म्हणतात. या कामातले मूळ प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी उभे राहिले, तेही राजूर या गणपतीच्या तीर्थक्षेत्रापासून फार लांब नाही. भोकरदन तालुक्यातले राजूर 1981 साली जालना जिल्हा होईपर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात होते. अजिंठ्याची लेणीही त्याच जिल्ह्यातली, आणि 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात.

मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल यांना 1844 साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला पाठवण्यात आले. त्यांच्या बहुतेक नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिल पुढे कॅमेराही वापरू लागले. पण त्या काळच्या काचेच्या प्लेटला निळ्या उजेडाची जाण होती, तांबड्याची जवळजवळ नव्हतीच. अजिंठ्याच्या चिताऱ्यांचा भर तर गेरू आणि पिवळ्या मातीवर. अशा प्लेटवर गेरू काळवंडतो, निळा पांढरट पडतो आणि कोणता रंग उजळ, कोणता गडद, हा क्रमच फिरतो. रंगासाठी पुन्हा कुंचल्याकडे वळणे भाग होते. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन 1872 ते 1885 या काळात नव्याने नकला केल्या. त्यांतल्या अनेक लंडनमधल्याच दुसऱ्या आगीत गेल्या.

भिंतही जशीच्या तशी राहिली नव्हती. नकला करताना चित्र स्पष्ट दिसावे म्हणून तिच्यावर व्हर्निश फासले गेले होते. हैदराबाद संस्थानाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी 1920 ते 1922 मध्ये सुटत चाललेला गिलावा पक्का केला खरा, पण त्यांनी वापरलेली लाख पुढे पिवळी पडली. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी फोटोंच्या आधारे तयार केलेला अजिंठ्याचा ग्रंथ 1930 ते 1955 या काळात चार भागांत निघाला. त्यातले रंग भिंतीशी कितीही ताडून पाहिले, तरी त्या भिंतीवर आधीच एक पिवळी झाक होती. आजच्या भाषेत, मूळ फाइललाच फिल्टर लागलेला.

रंगीत छपाईचे तंत्र मात्र या ग्रंथाच्या आधीच मराठी हातांत आले होते. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी तीन रंगांच्या छपाईचे कारागीर होते आणि ते शिकण्यासाठी जर्मनीला जाऊन आले होते. एकाच चित्राचे रंग वेगळे काढायचे, प्रत्येकाचा ठसा करायचा, ठसे एकावर एक छापायचे आणि नमुना पाहून शाई कमी-जास्त करायची, असे ते काम.

गावोगावच्या स्टुडिओंपर्यंत यातले फारसे पोचले नाही. तिथे काळ्या-पांढऱ्या फोटोवर कुंचल्याने गाल, ओठ आणि साडीचे काठ रंगवत. रंग खरा असावा अशी गिऱ्हाइकाचीही अपेक्षा नसे. रंगीत रोल आल्यावर निर्णय लॅबमधल्या ऑपरेटरच्या हाती गेला. मिनीलॅब या फोटो धुण्या-छापण्याच्या यंत्राच्या कळफलकावर सायन, मॅजेंटा, पिवळा आणि घनता यांच्या कळा असत. पडद्यावरच्या फ्रेमकडे एक नजर टाकायची, दोन कळा दाबायच्या, पुढची फ्रेम. घड्याळ लावून केलेल्या रंगदुरुस्तीचा तो पहिला रोजचा सराव म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच, की आज असा सराव हौसेने चालतो, तेव्हा ती रोजीरोटी होती.

डिजिटल कॅमेऱ्याने हा निर्णय फोटो काढणाऱ्याकडे परत दिला. आता रंगदुरुस्तीच्या सरावासाठी ऑनलाइन गटांत सगळ्यांना एकच कच्ची फाइल देतात, ठरावीक मिनिटे देतात आणि मग सगळ्यांचे निकाल शेजारी-शेजारी मांडतात. वेळेची अट केवळ गंमत वाढवण्यासाठी नाही. एखाद्या छटेकडे बराच वेळ पाहिले की डोळा तिला सरावतो आणि पिवळट पांढराही शुभ्र वाटू लागतो. कामाला वेळेचे कुंपण असले की ही फसगत आटोक्यात राहते. उरलेली दुसऱ्याचा निकाल शेजारी आला की उघडी पडते.

राजूरसारख्या तीर्थक्षेत्रातले फोटो अशा सरावाला कसदार साहित्य ठरतात. राजुरेश्वर गणपतीच्या दर्शनाला अंगारकी चतुर्थीला मोठी गर्दी लोटते. शेंदूर, गुलाल आणि झेंडूच्या फुलांचे फोटो काढताना कॅमेऱ्याचा तांबडा रंग सर्वांत आधी कमाल मर्यादेला टेकतो. मग शेंदराच्या थराचे उंचसखलपण नाहीसे होऊन एक सपाट केशरी डाग उरतो. त्यातच मंडपातल्या एलईडीचा थंड आणि समईचा उबदार उजेड एकाच चौकटीत येतो. एक सुधारला की दुसरा बिघडतो. अशा वेळी आधी एक्स्पोजर उतरवावे, मग पांढऱ्याचा तोल माणसांच्या त्वचेवरून ठरवावा आणि तांबड्याची गडदता शेवटी हाताळावी. निकालांबरोबर प्रत्येकाने वापरलेले आकडेही उघड केले, तर नवख्याला नंबर कुणाचा आला यापेक्षा तो कसा आला हे कळते.