बंद खणांतील ज्योत

इ. स. १९४४ च्या एप्रिल महिन्याची १४ वी तारीख मुंबईच्या स्मरणांतून गेलेली नाहीं. त्या दिवशीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' ही आगबोट उभी होती. तिच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खणांत तळाशीं कराचीस भरलेल्या कापसाच्या गासड्या आणि त्यांच्याच डोक्यावर स्फोटक द्रव्यें, अशी विलक्षण मांडणी होती. दुपारीं दोनच्या सुमारास धूर दिसला. अग्निशामक दलानें सुमारें ९०० टन पाणी आंत ओतलें, परंतु आगीचें मूळ कांहीं केल्या सांपडेना. पुढें जहाजाच्या कुशीवर एके ठिकाणीं रंगाला फोड येऊं लागले, तेव्हां आग त्याच पत्र्याच्या पलीकडे आहे हें उघड झालें. तेथें पत्रा कापून भोंक पाडावें व थेट आगीवर पाणी मारावें असें ठरलें. गॅसकटर आणविण्यांत आला, पण तो ऐन वेळीं चालेना. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. आणि एकट्या अग्निशामक दलाचे ६६ जवान कामीं आले.

तो कटर चालला असता तर मुंबई वांचली असती, असें कोणाच्याहि मनांत येईल. पण प्रसंगाचें दुसरें अंगहि पाहण्यासारखें आहे. पत्र्याच्या या बाजूला तीन हजार अंशांची ज्योत, त्या बाजूला धुमसणारा कापूस, आणि वर दारूगोळा. जहाजावर गॅसनें कापकाम करणाऱ्याला जें दिसतें त्यापेक्षां जें दिसत नाहीं त्याचेंच भय अधिक, हें याहून ठळकपणें सांगणारा प्रसंग आढळणें कठीण.

याच्या दोन वर्षें आधीं न्यूयॉर्क बंदरांत हीच गोष्ट उलट्या क्रमानें घडली होती. 'नॉर्मंडी' या सुप्रसिद्ध फ्रेंच आगबोटीचें सैनिकवाहू जहाजांत रूपांतर चाललें होतें. ९ फेब्रुवारी १९४२ रोजीं तिच्या मोठ्या दिवाणखान्यांत एक खांब गॅसकटरनें कापीत असतांना ठिणग्या उडाल्या. शेजारीं सांवरीच्या कापसानें भरलेल्या, गोणपाटांत गुंडाळलेल्या जीवरक्षक पट्ट्यांचा ढीग होता. तो कोणी हलविला नव्हता. जहाजावरची स्वतःची आग विझविण्याची व्यवस्था कामासाठीं तोडून ठेवलेली होती. बाहेरून इतकें पाणी मारलें गेलें कीं, दुसऱ्या दिवशीं पहांटे तें प्रचंड जहाज एका कुशीवर कलंडलें. ढीग हलविण्यास फार तर घटकाभर लागली असती.

ज्या मुंबईंत लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्यानें अठराव्या शतकापासून सागवानी जहाजें बांधलीं, तेथील जुन्या सुतारांना ही चिंता नव्हती. लांकडाच्या जागीं लोखंड आलें तरी कित्येक वर्षें पत्रे रिव्हेटांनींच जोडले जात. इ. स. १८९५ मध्यें ल शातलिए या फ्रेंच शास्त्रज्ञानें असिटिलीन व प्राणवायु यांच्या ज्योतीची प्रखरता दाखवून दिली; १९०३ च्या सुमारास हातांत धरतां येईल असा बर्नर निघाला; आणि १९२० मध्यें बर्कनहेड येथें 'फुलागर' हें संपूर्ण वेल्डिंगनें जोडलेलें जहाज पाण्यावर आलें. योगायोग असा कीं, 'फोर्ट स्टिकीन' हिनें आपला अखेरचा प्रवास याच बर्कनहेडहून सुरू केला होता.

गॅसकटर लोखंड वितळवितो अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः तो लोखंड जाळतो. ज्योतीनें पत्रा लाल झाला कीं त्यावर शुद्ध प्राणवायूचा झोत सोडतात आणि लोखंडच जळूं लागतें. जळालेला, वितळलेला मळ पत्र्याच्या पाठीमागें उडतो. म्हणजे ज्या बाजूला कामगाराची नजर पोंचत नाहीं त्याच बाजूला.

आतां जहाजाच्या पोटांतील बंद खण डोळ्यांपुढें आणावा. दुहेरी तळ, पाण्याच्या व तेलाच्या टाक्या, माणूस जेमतेम शिरेल एवढें तोंड, आणि आंत हवा हलण्यास वाव नाहीं. अशी टाकी महिनोन्महिने बंद राहिली तर तिच्या भिंतींवरचा गंजच आंतला प्राणवायु खाऊन टाकतो. आंत ना दुर्गंध, ना धूर. शिरणारा मनुष्य दोन पावलें टाकून कोसळतो. तेलाची टाकी रिकामी झाली तरी तिच्या गाळांतून वाफ निघतच राहते, आणि पुष्कळ वेळां भरलेल्या टाकीपेक्षां रिकामीच अधिक घातक ठरते. रंगांतील शिशाचे व जस्ताच्या मुलाम्याचे धूर निराळे. असिटिलीनची गोष्ट तर अशी कीं, हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा अडीच झालें तरी ठिणगी पुरते.

याहूनहि फसवा शत्रु म्हणजे प्राणवायुच. उकाड्यानें जीव घाबरा झाला कीं कामगार नळी सैल सोडून खणांत 'ताजी हवा' घेतो. ही खोड जगांतील बहुतेक गोद्यांत आढळली आहे. हवेंत प्राणवायु शेंकडा २१ असतो. तो दोन-तीन भागांनीं वाढला तरी अंगावरचे कपडे, केंस आणि तेलकट फडकें भडकून पेटतात. म्हणून खणांत हवा खेळवावयाची ती पंख्यानें, सिलिंडरनें नव्हे.

भारतांत १९४८ च्या कारखाने कायद्यानें या बाबतींत स्पष्ट नियम घातले. बंद टाकींत शिरण्यापूर्वीं जाणत्या माणसानें हवा तपासून लेखी दाखला द्यावा. नाहीं तर शिरणाऱ्यानें श्वसनयंत्र लावावें, त्याच्या कमरेला पट्टा व दोर असावा आणि दोराचें दुसरें टोंक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातीं असावें. स्फोटक द्रव्य असलेली टाकी तें द्रव्य व त्याची वाफ काढल्याखेरीज वेल्डिंग वा कापकामास देऊं नये, हेंहि त्यांत होतें. पुढें या कायद्याची जागा २०२० च्या संहितेनें घेतली.

मुंबईच्या रे रोडनजीक दारूखाना नांवाचा भाग आहे; नांवांतच दारूगोळ्याची आठवण. तेथें जुनीं जहाजें मोडतात. 'विक्रांत' ही भारताची पहिली विमानवाहू नौका २०१४ च्या अखेरीस येथेंच मोडीस निघाली. जहाज मोडणें हें बांधण्याहून धोक्याचें, कारण बांधणाऱ्याला प्रत्येक खण नवा व रिकामा मिळतो, मोडणाऱ्याला चाळीस वर्षांचा गाळ. म्हणूनच २००९ च्या हाँगकाँग करारानें, जो २०२५ च्या जूनमध्यें अंमलांत आला, 'आंत शिरण्यास योग्य' आणि 'ज्योत लावण्यास योग्य' या दोन गोष्टी निराळ्या मानल्या. हा भेद बारीक दिसतो, पण सारें मर्म त्यांतच आहे. ज्या खणांत माणूस सुखानें श्वास घेतो, त्याच्याच भिंतीपलीकडे तेलाचा गाळ असूं शकतो. शिवाय सकाळीं घेतलेली तपासणी दुपारीं शिळी होते.

ती रात्रींतूनहि शिळी होते, हें १३ फेब्रुवारी २०१८ रोजीं कोचीन गोदींत दिसलें. 'सागर भूषण' या तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजाची दुरुस्ती चालली असतां सकाळीं आंत स्फोट होऊन पांच माणसें दगावलीं. कापकामाचा वायु बंद खणांत गळून सांचला होता, असें प्राथमिक तपासांत आढळलें. जेवणाची सुटी असो वा पाळी संपलेली असो, कटर व नळ्या खणाबाहेर काढाव्या आणि सिलिंडर वरच, उघड्या डेकवर ठेवावे, हा नियम याच कारणासाठीं आहे. नळी आंत सोडून जाण्यानें वांचतात तीं दहा मिनिटें.

राहतां राहिला तोंडाशीं बसलेला माणूस. त्याला काम असें दिसत नाहीं. मुकादमाला तो रिकामा भासतो आणि गर्दीच्या दिवशीं त्यालाच प्रथम दुसरीकडे धाडतात. आंतला मनुष्य कोसळला तर यानें हांक मारावी, दोर ओढावा, पण स्वतः आंत उडी घेऊं नये. बंद टाक्यांत मेलेल्यांची नांवें वाचूं लागलें म्हणजे एका मागोमाग दोघे-तिघे आढळतात. त्यांतले पुष्कळ पहिल्याला काढावयास गेलेले असतात.