जनावराला अमानुष मारहाण होणाऱ्या घरातल्या लेकरांकडेही लक्ष द्या

शेजारच्या घरात कुत्र्याला लाथा घातल्या, करडू आपटलं, तर गावात बहुतेक जण म्हणतात, "त्याच्या घरचं जनावर, त्याचं तो बघेल." पण जनावरांचा छळ आणि लहान मुलांचा छळ बऱ्याच वेळा एकाच छपराखाली चालतो. परदेशात यावर गेली चाळीसेक वर्षं अभ्यास चालू आहे. आपल्याकडे हा विषय फारसा निघत नाही, म्हणून ही माहिती.

या दोन गोष्टींचं नातं तसं जुनं आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात १८७४ साली मेरी एलन नावाची साधारण दहा वर्षांची मुलगी होती. सांभाळणारी बाई तिला रोज चाबकानं मारायची, तोंडावर कात्री मारल्याची खूणसुद्धा होती. एटा व्हीलर या समाजसेविकेनं मदतीसाठी बरीच दारं ठोठावली, पण दुसऱ्याच्या घरात शिरायला कुणी तयार होईना. शेवटी ती हेन्री बर्ग यांच्याकडे गेली. बर्ग हे १८६६ साली जनावरांच्या संरक्षणासाठी संस्था काढणारे गृहस्थ. त्यांनी आपल्या ओळखीचे वकील गेरी यांना कामाला लावलं, मुलीला कोर्टात आणलं आणि त्या बाईला एक वर्षाची शिक्षा झाली. ‘मुलगी म्हणजे एक प्राणीच’ असं कोर्टात सांगून केस जिंकली, अशी गोष्ट इंटरनेटवर फिरते, ती खरी नाही. केस मुलगी म्हणूनच चालली. पण मुलांसाठी वेगळी संस्था त्यानंतरच निघाली, आणि तीही जनावरांसाठी झटणाऱ्या याच लोकांनी काढली. मेरी एलन पुढे मोठी झाली, संसार केला, थोरल्या मुलीचं नाव एटा ठेवलं आणि १९५६ साली वारली.

अभ्यासाकडे येऊ. अमेरिकेच्याच न्यू जर्सी राज्यात १९८३ साली एक पाहणी छापून आली. मुलांच्या छळामुळे सरकारी देखरेखीखाली असलेली आणि घरात पाळीव जनावर असलेली ५३ कुटुंबं त्यात होती. ज्या घरांत मुलांना मारहाण होत होती, त्यातल्या ८८ टक्के घरांत जनावरांचेही हाल होत होते. बहुतेक ठिकाणी मारणारा मोठा माणूस होता, पण काही घरांत मुलंच जनावराला त्रास देत होती. पुढे १९९८ साली युटा राज्यात नवऱ्याच्या मारहाणीमुळे आसरागृहात आलेल्या बायकांना विचारलं, तेव्हा जनावर पाळणाऱ्या दहापैकी सात जणींनी सांगितलं की नवऱ्यानं जनावराला मारलं, मारून टाकलं किंवा तशी धमकी दिली.

हे आकडे वाचताना घाई करू नका. ५३ घरं म्हणजे काही मोठी संख्या नाही, आणि ती घरं आधीच छळासाठी नोंद झालेली होती. बैलाला पराणी टोचणारा प्रत्येक शेतकरी पोराला मारतो, असा अर्थ यातून निघत नाही. दुष्काळात वैरण नाही म्हणून गाय हडकली, तर तो छळ नव्हे, ती अडचण आहे. नांगराच्या बैलाला एखादा फटका बसणं आणि दारू पिऊन आल्यावर दावणीच्या वासराला मुद्दाम बडवणं, यातला फरक गावातल्या माणसाला सांगावा लागत नाही.

लक्ष द्यायचं ते मुद्दाम केलेल्या आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या क्रूरपणाकडे. राग आला की हाताला लागेल त्याला मारणारा माणूस आधी जो उलट बोलू शकत नाही त्याच्यावर हात टाकतो. घरात असे दोघं असतात, जनावर आणि लेकरू. त्यात जनावराचा वापर धमकीसाठीही होतो. "कुणाला सांगितलंस तर तुझं मांजर विहिरीत टाकीन," एवढं एक वाक्य पोराचं तोंड बंद करायला पुरतं. बाईचंही तसंच. माहेरी निघून जावं तर मागं शेरडांना चारा कोण घालणार, आणि रागाच्या भरात नवरा त्यांचं काय करील, ही भीती तिला धरून ठेवते. युटाच्या पाहणीतही काही जणींनी जनावराच्या काळजीमुळे घर सोडायला उशीर केल्याचं सांगितलं होतं.

आता मुलांबद्दल. तीन-चार वर्षांचं पोर मांजराची शेपटी ओढतं, मुंगळ्याचे पाय तोडतं. त्याला कळत नसतं. समजावून सांगितलं की बहुतेक मुलं थांबतात. पण थोडं मोठं झालेलं मूल समजावूनही परत परत, लपून, एकटंच जनावराला इजा करत असेल तर त्याला दोन फटके देऊन प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. त्यानं हे कुठं बघितलं किंवा त्याच्यासोबत कुणी काय केलं, हे शोधायला हवं. उलट प्रकारही असतो. लाडकं कुत्रं अचानक दिसेनासं झालं आणि पोर त्याबद्दल बोलायलाच घाबरतं, बाप दिसला की आक्रसतं, अंगावर वळ असतात, शाळेत गप्प बसतं. अशा चार गोष्टी एकत्र दिसल्या तर गप्प राहू नका.

कायद्यात जनावरांच्या बाजूनं सांगायचं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे फक्त १० ते ५० रुपये.  जनावर मारणं, विष घालणं, लुळं करणं यासाठी मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मुलांसाठी कायदा जास्त कडक आहे. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५ नुसार सांभाळणाऱ्यानंच मुलाचा छळ केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो कायदा लागतो, आणि माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही त्यात गुन्हा आहे. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

संशय आला तर त्या घरात जाऊन भांडू नका, त्याचा राग रात्री लेकरावर निघतो. मुलाची उलटतपासणीही घेऊ नका, ते स्वतःहून बोललं तर ऐकून घ्या. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. तातडीचं असेल तर ११२, बाईला मदत हवी असेल तर १८१. गावात अंगणवाडी ताई, शाळेचे गुरुजी, पोलीस पाटील यांना सांगता येतं, आणि जिल्ह्याला बाल कल्याण समिती असते. फोन करताना जनावराबद्दल जे पाहिलं तेही सांगा, ती माहिती उपयोगाची असते.

आणि व्हिडिओ काढला असेल तर तो पोलिसांना द्या, गावच्या ग्रुपवर टाकू नका. छळ झालेल्या मुलाचं नाव, फोटो किंवा ओळख पटेल अशी कुठलीही गोष्ट पसरवणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.