पॅनिक बार: ढकलला की सुटका

जुन्या वाड्याच्या दाराला आतून अडसर घालत. भिंतीच्या खोबणीत दडवलेला लाकडी दांडा ओढून दारामागे आडवा सरकवला की बाहेरच्याची प्राज्ञा नव्हती आत शिरायची. मल्टिप्लेक्सच्या, मॉलच्या, मोठ्या कारखान्याच्या संकटकालीन दारावर आज कमरेच्या उंचीला जो धातूचा दांडा दिसतो, तो असाच आडवा असतो. काम मात्र नेमकं उलट. अंगाचा भार त्यावर पडला की दार बाहेर उघडतं. बाहेरून मात्र ते बंदच असतं. हार्डवेअरवाले त्याला पॅनिक बार किंवा पुश बार म्हणतात.

त्याची कथा सुरू होते आगीशिवायच. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर संडरलंड नावाचं, एके काळचं जहाजबांधणीचं गाव आहे. तिथल्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये १६ जून १८८३ रोजी, शनिवारी दुपारी, लहान मुलांसाठी जादूचे खेळ होते. वरच्या गॅलरीत हजाराहून जास्त मुलं, मोठी माणसं जवळजवळ नाहीतच. खेळ संपता संपता रंगमंचावरून खाली बसलेल्यांना भेटवस्तू वाटायला सुरुवात झाली, आणि ठरावीक क्रमांकाच्या तिकिटांवर बाहेर पडताना बक्षीस मिळेल असंही जाहीर झालं. आपल्याला काही उरणार नाही या धास्तीने गॅलरीतली पोरं जिन्याकडे धावली. जिन्याच्या तळाशी असलेलं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं, आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून ते बोल्ट लावून अडकवलेलं होतं. तिकिटं तपासायला सोयीचं म्हणून. बोल्ट मुलांच्या बाजूला, माणसं दाराच्या बाहेर. पुढची पडली, मागची त्यांच्यावर येत राहिली. बाहेरच्यांना त्या फटीतून एकेक मूल ओढून काढण्यापलीकडे काही करता येईना. फ्रेडरिक ग्रॅहम नावाचा तिथला रखवालदार दुसऱ्या जिन्याने वर पळाला आणि त्याने शेकडो मुलांना वेगळ्या वाटेने बाहेर नेलं. तरी १८३ मुलं चेंगरून, गुदमरून गेली.

यानंतर ब्रिटनमध्ये करमणुकीच्या जागांना पुरेशी दारं हवीत आणि ती बाहेर उघडणारी हवीत, हा आग्रह कायद्यात आला. पण बाहेर उघडणाऱ्या दारालाही कडी लागतेच. कडी काढायला शुद्धीवर असलेला माणूस लागतो, उजेड लागतो, हात मोकळा लागतो. रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज याने ढकलताच सुटणाऱ्या दांड्याचं पेटंट १८९२ साली घेतलं ते या अडचणीवरचा उपाय म्हणून.

अमेरिकेला हे शहाणपण यायला आणखी एक दुपार लागली. शिकागोचं इरोक्वाय थिएटर १९०३च्या नोव्हेंबरात उघडलं, ‘संपूर्ण अग्निरोधक’ अशी जाहिरात करून. पाचच आठवड्यांनी, ३० डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीतल्या खेळात दिव्याच्या ठिणगीने पडदे पेटले. बाहेर पडायची दारं तिथे होती; काही पडद्यांआड झाकलेली, काहींना प्रेक्षकांनी कधी न पाहिलेली खिट्टी. अंधारात, धुरात ती कशी फिरवायची हे बहुतेकांना कळलं नाही. ६०० हून अधिक माणसं मेली, त्यांत बायका-मुलं जास्त.

इंडियानापोलिसच्या व्हॉनेगट हार्डवेअर कंपनीतला विक्रेता कार्ल प्रिन्झलर त्या खेळाला जाणार होता आणि कामामुळे गेला नाही, असं कंपनीच्या इतिहासात सांगतात. त्याने वास्तुविशारद हेन्री ड्युपाँट याला हाताशी धरलं आणि १९०८च्या सुमारास त्यांचा दांडा बाजारात आला. व्हॉनेगट, ड्युपाँट, प्रिन्झलर या तिघांच्या नावांचे तुकडे जोडून झालेलं ‘व्हॉन ड्युप्रिन’ हे नाव आजही या मालावर असतं. (व्हॉनेगट म्हणजे ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ ही कादंबरी लिहिणाऱ्या कर्ट व्हॉनेगट यांचंच घराणं.)

कारखान्याच्या दारापर्यंत मात्र हा विचार पोचला नव्हता. तिथे कुलपाला कारण होतं चोरी. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीत शिवणकाम करणाऱ्या मुलींच्या पिशव्या सुटीच्या वेळी तपासत. सगळ्यांनी एकाच वाटेने जावं म्हणून नवव्या मजल्यावरचं दुसरं दार बंद असे. २५ मार्च १९११ रोजी सुटीच्या वेळीच आठव्या मजल्यावर आग लागली आणि १४६ जणांचा बळी गेला. दोघा मालकांवर खटला भरला तेव्हा सरकारी वकिलाने विचारलं की चोरीला गेलेला माल होता तरी किती डॉलरचा? पंचवीस डॉलरच्या वर नाही, असं मालक आयझॅक हॅरिसने कबूल केलं. दार त्या क्षणी बंद होतं हे मालकांना माहीत होतं, याची ज्यूरींना खात्री पटली नाही आणि दोघंही सुटले. त्यांतल्या मॅक्स ब्लँकला १९१३ साली पुन्हा दाराला कुलूप लावल्याबद्दल २० डॉलरचा दंड झाला. माणूस शिकत नाही असं मी म्हणणार नाही; त्याचा हिशेबच तसा होता.

आपल्या १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या मूळ ३८व्या कलमात हीच दोन सूत्रं होती: खोलीत माणूस असेपर्यंत दार आतून चटकन उघडता आलं पाहिजे, आणि सरकतं नसेल तर ते बाहेर उघडणारं हवं. ते कलम कारखान्यांपुरतं; पण असे नियम कागदावर राहिले की काय होतं ते दिल्लीच्या उपहार सिनेमागृहातल्या आगीने १९९७ साली दाखवलं. बाल्कनीत जादा खुर्च्या टाकून वाट अडवलेली, दारं बंद; ५९ माणसं गेली.

दांडा दिसायला सोपा, पण त्याची खरी परीक्षा गर्दीत असते. साध्या कुलपाची जीभ चौकटीत अडकलेली असते. पाचपन्नास माणसं दारावर रेटली की ती जीभ चौकटीवर घट्ट दाबली जाते आणि मूठ फिरता फिरत नाही. संडरलंडला नुसती कडी काढता आली असती तरी मागचा रेटा होताच. म्हणून युरोपच्या ‘ईएन ११२५’ या मानकात दाराला आधी १००० न्यूटनचा, म्हणजे ढोबळ १०० किलोचा रेटा देतात आणि मग दांडा दाबतात. २२० न्यूटनच्या आत तो सुटला पाहिजे. दारावर रेटा नसताना मर्यादा ८० न्यूटन, आठ किलोच्या वजनाएवढी.

दांडा बसवून प्रश्न संपला का? बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह क्लबमध्ये १९४२ साली आगीत ४९२ माणसं मेली. तिथे तळघराच्या जिन्याच्या डोक्यावरच्या दाराला पॅनिक बार होता, आणि दार कुलूपबंद होतं. आजही गोदामांच्या मागच्या दारांवर दांड्याभोवती साखळी गुंडाळून टाळं ठोकलेलं दिसतं. सुरक्षा रक्षकाला विचारलं तर तो म्हणतो, ‘साहेब, इथून माल जातो.’ त्याचं म्हणणं खोटं नसतं.

त्यावर निघालेला तोडगा म्हणजे उशिरा उघडणारं कुलूप. दांडा दाबला की भोंगा वाजतो आणि दार साधारण १५ सेकंदांनी सुटतं. चोरीचा माल घेऊन कुणी निघालं असेल तर रक्षकाला तेवढा वेळ मिळतो. अट एवढीच की धुराची घंटा वाजली, फवारे सुरू झाले किंवा वीज गेली, तर ते १५ सेकंदही थांबायचं नाही, कुलूप तिथल्या तिथे सुटलं पाहिजे.