राखेखालचं पीस

डोंगरकडा गावात केळीच्या बागेच्या कडेला, बांधावर तुम्हाला एक मोरपीस सापडतं. उन्हात फिरवलं की निळा हिरव्याकडे झुकतो. एक तंतू तोडा आणि बांधावरच्या काळ्या दगडावर नीट घोटा. निळा गेला, तपकिरी भुकटी उरली. निळा रंगद्रव्य म्हणून पिसात नव्हताच. मेलॅनिन या गडद रंगद्रव्याच्या कणांच्या काटेकोर रांगांवरून परतणारा उजेड तुम्हाला निळा दिसत होता.

आता त्या काळ्या दगडाच्याच काळात उतरा, सुमारे 6.6 कोटी वर्षं मागे. भारत अजून आशियाला भिडलेला नाही. समोरून लाव्हा येतोय. त्याच्या वाटेत पडलेलं पीस क्षणात जळतं, मागे काही उरत नाही.

आणखी मागे चला, 12.5 कोटी वर्षांपर्यंत, चीनच्या लिआओनिंगमध्ये. ज्वालामुखी इथेही आहे, पण इथे तळ्यावर बारीक राख पडतेय. काठाने सायनोसॉरोप्टेरिक्स पळतो: लहानखुरा डायनोसॉर, अंगावर पिसांची लव, शेपूट लांबलचक. शेपटीवर पट्टे आहेत, पण राखेच्या धुरकट उजेडात त्यांचा रंग कळत नाही. तो तळ्यात पडतो. गाळ त्याला अलगद झाकतो.

तुम्ही 1996 सालात या. तो दगडातून बाहेर आलाय. अशा जीवाश्म पिसांतले सूक्ष्म कण तेव्हा कुजवणारे जिवाणू मानले जात. 2008 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ याकोब विंथर आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलचं एक पट्टेदार जीवाश्म पीस तपासलं. कण फक्त काळ्या पट्ट्यांत होते, फिकट पट्ट्यांत नुसता दगड. जिवाणू असे पट्टे बघून बसतील का? ते मेलॅनोसोम होते, मेलॅनिनच्या पुड्या. लांबट असतील तर काळा रंग, गोलसर असतील तर तांबूस.

2010 मध्ये सायनोसॉरोप्टेरिक्सच्या शेपटीच्या गडद पट्ट्यांत गोलसर कण सापडले. म्हणजे रंग तांबूस तपकिरी. मला हा पुरावा पटतो, पण जपून. उष्णता आणि दाबाने कण आक्रसतात, हे प्रयोगांत दिसलंय.

आणि फिकट पट्टे? चित्रांत ते पांढरे रंगवतात. तिथे मेलॅनोसोम सापडले नाहीत, एवढंच दगड सांगतो. पिवळा-केशरी देणारी कॅरोटिनॉइड्स सहसा टिकत नाहीत. पुढच्या वेळी मुलांच्या पुस्तकात ते चित्र दिसलं, तर तांबूस पट्ट्यावर बोट ठेवून सांगा, हा दगडातून वाचलेला आहे. पांढऱ्यावर ठेवाल तेव्हा सांगा, हा चित्रकाराचा अंदाज आहे.