पाणी, तारे आणि एक टक्का

परवा रात्री माझं पाणी फुटलं. नळ-बिळ नाही हो, कॉम्प्युटरमधलं! एक मीटर उंच पाण्याचा ठोकळा, काही हजार कणांचा. बाजूची भिंत काढली की त्याने कोसळून वाहायला हवं. माझा भुईनळ्यासारखा उडाला. मग 'ताठरपणा' नावाचा आकडा कमी केला, तर पाणी स्पंजासारखं दबून तळाशी बसलं. शेवटी 'बरं दिसेल' इतपत आकडे फिरवत राहिलो. जमलंही. पण मनात खुट्ट झालं : हा आकडा आहे तरी कुणाचा?

शोधत शोधत पोचलो ते थेट ताऱ्यांपाशी!

ही पद्धत १९७७ सालची. लिऑन लूसी यांनी आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे रॉबर्ट गिंगोल्ड व जो मोनाघन यांनी ती मांडली. तेव्हा प्रश्न पाण्याचा नव्हताच. गरगर फिरणारा तारा फुटून त्याचे दोन होतात का, हे लूसींना तपासायचं होतं. ताऱ्याला ना डबा ना भिंत. मग रिकाम्या अवकाशात जाळी कशाला विणायची? वायूचेच कण करा. प्रत्येक कणाने शेजाऱ्यांकडे बघून घनता काढायची, घनतेवरून दाब. वायूच तो, दाबला की दबणार.

पाणी असं दबत नाही. त्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. गणिताच्या एका पावलात ध्वनी शेजाऱ्यांच्या पलीकडे गेला की कण उधळतात. म्हणजे खरं पाणी हवं तर पावलं मुंगीची.

१९९४ साली मोनाघननी ही पद्धत पाण्याला लावली, ती एक तडजोड करून. ध्वनीचा खरा वेग सोडून द्यायचा आणि पाण्याच्या कमाल वेगाच्या दहापट धरायचा. घनतेतली चूक या दोन वेगांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतकी, म्हणजे साधारण एक टक्का. माझ्या ठोकळ्यात पाणी सेकंदाला ४.४ मीटरच्या आसपास जातं. म्हणून ध्वनी ४४. पाऊल तीसपटीहून मोठं टाकता येतं!

माझं काय चुकलं तेही कळलं. ताठरपणा वाढवला, पण पाऊल तेवढंच ठेवलं.

शेजारचा 'कृत्रिम चिकटपणा'ही असाच. १९८३ साली मोनाघन आणि गिंगोल्ड यांनी तो वायूतल्या धक्का-लहरींसाठी आणला. पाण्यात थोडा घातला की कण शांत होतात, जास्त झाला की पाण्याचा मध.

म्हणजे तो आकडा पाण्याचा नव्हेच. किती चूक चालवून घ्यायची, याचा तो आकडा. मोनाघननी ती आधी ठरवली, मग आकडा काढला. मी डोळ्यांना बरं दिसेपर्यंत फिरवत बसलो होतो, आणि चूक किती झाली याचा पत्ताच नव्हता.

असो. आता ४४ धरून पाऊलही लहान केलंय. पाणी वाहतंय. एक टक्का खोटं आहे, पण निदान ते मला माहीत आहे.