फ्रेंच व फ्रँकोफोन अध्ययन

फ्रेंच भाषा आणि ती ज्या ज्या समाजांत बोलली व लिहिली जाते, त्यांचे साहित्य, इतिहास व संस्कृती यांचा विद्यापीठीय अभ्यास. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्यापीठातला फ्रेंच विभाग म्हणजे फ्रान्सच्या साहित्याचा विभाग असे. मोलिएर, रासीन, व्हॉल्तेअर, ह्यूगो, फ्लोबेर अशा क्रमाने अभ्यास पुढे जाई. आज त्यांच्या बरोबरीने सेनेगल, अल्जीरिया, मार्तिनिक, हैती, क्वीबेक, लेबानन येथील लेखनही शिकवले जाते. या विस्तारामुळेच ही विद्याशाखा एका देशाच्या चौकटीतून बाहेर पडली.

पार्श्वभूमी : ‘फ्रँकोफोनी’ (फ्रेंचभाषी समाजांचा समूह) ही संज्ञा फ्रेंच भूगोलज्ञ ओनेझिम रक्ल्यू याने १८८० च्या सुमारास प्रथम वापरली. तो वसाहतवादाचा पुरस्कर्ता होता. वसाहती स्वतंत्र झाल्यावर सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष व कवी लेओपोल्द सेदार सेंघोर, ट्युनिशियाचे हबीब बुर्गीबा यांच्यासारख्या नेत्यांनी याच संज्ञेला परस्पर सहकार्याचा अर्थ दिला. २० मार्च १९७० रोजी नायजरची राजधानी नियामे येथे फ्रेंचभाषी देशांच्या सहकार्य संस्थेचा करार झाला. त्यामुळे २० मार्च हा फ्रँकोफोनी दिन मानला जातो. त्याआधीच, १९६१ मध्ये, फ्रेंच माध्यमाच्या विद्यापीठांची संघटना माँट्रियलमध्ये स्थापन झाली होती.

या अभ्यासाचे एक मूळ पॅरिसच्या विद्यार्थिजीवनात आहे. १९३० च्या दशकात तेथे शिकणारे सेंघोर, मार्तिनिकचे एमे सेझेर आणि फ्रेंच गयानाचे लेओं दामास यांनी ‘नेग्रित्यूद’ची चळवळ उभी केली. राज्यकर्त्यांच्या भाषेवर पूर्ण प्रभुत्व मिळवून त्याच भाषेत कृष्णवर्णीयांची अस्मिता त्यांनी मांडली. सेंघोर १९८३ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडले गेले.

अभ्यासक्रम : पहिल्या वर्षात उच्चार, व्याकरण आणि संभाषण यांवर भर असतो. भाषेची पातळी ए-१ ते सी-२ अशा सहा टप्प्यांत मोजतात. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे यांना प्रत्येकी २५ गुण असतात; उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ५० गुण आणि प्रत्येक भागात किमान ५ गुण लागतात. वरच्या वर्गांत उताऱ्याचे ओळीगणिक विवेचन हा फ्रेंच अध्यापनाचा कणा ठरतो. उताऱ्याचा कृतीतला संदर्भ सांगायचा, त्याची रचना उलगडायची, मग शब्दनिवड, लय व निवेदकाचा सूर यांवरून अर्थापर्यंत जायचे.

आमादू कुरुमा यांची पहिली कादंबरी या पद्धतीने वाचण्याजोगी आहे. आयव्हरी कोस्टच्या या लेखकाने पहिल्याच वाक्यात मृत्यूसाठी ‘संपणे’ हे क्रियापद आपल्या मालिंके भाषेच्या वळणाने वापरले आहे. फ्रेंच व्याकरणाच्या मांडवात मालिंके बोलते आहे, हे विद्यार्थ्याला येथे स्पष्ट दिसते. फ्रान्समधील प्रकाशकांनी नाकारलेली ही कादंबरी १९६८ मध्ये माँट्रियल विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने प्रसिद्ध केली. दोन वर्षांनी पॅरिसच्या ‘स्य’ या प्रकाशनसंस्थेने तिची आवृत्ती काढली.

वाद : फ्रान्समध्ये जन्मलेला लेखक ‘फ्रेंच’ आणि सेनेगलमधील डाकारचा लेखक ‘फ्रँकोफोन’, ही विभागणी अनेकांना अन्याय्य वाटते. मार्च २००७ मध्ये ४४ लेखकांनी ‘ल मोंद’ दैनिकात जाहीरनामा प्रसिद्ध करून ‘फ्रेंचमधील विश्वसाहित्य’ ही कल्पना मांडली. दुसरा प्रश्न भाषेच्या निवडीचा आहे. ‘नेजमा’ (१९५६) ही कादंबरी फ्रेंचमध्ये लिहिणारे अल्जीरियाचे कातेब यासीन पुढे नाटकांसाठी बोली अरबीकडे वळले, तर त्यांच्याच देशाच्या आसिया जेबार अखेरपर्यंत फ्रेंचमध्ये लिहीत राहिल्या व २००५ मध्ये अकादमीवर निवडल्या गेल्या. दोन्ही वाटा अभ्यासक्रमात एकत्र शिकवल्या पाहिजेत. एकच शिकवली, तर वसाहतीचा इतिहास अर्धाच कळतो.

भारतात : दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात फ्रेंच व फ्रँकोफोन अध्ययनाचे स्वतंत्र केंद्र आहे. पुदुच्चेरी, मुंबई, पुणे व गोवा येथील विद्यापीठांतही फ्रेंच शिकवली जाते. महाराष्ट्रात बरेच विद्यार्थी शाळेत भरघोस गुण देणारा विषय म्हणून फ्रेंच घेतात. भाषांतर, पर्यटन, अध्यापन व कंपन्यांतील नोकऱ्या हे पुढचे आकर्षण. मात्र गुण आणि नोकरी यांपलीकडेही मराठी माणसाला या भाषेची गरज आहे. मराठीच्या जडणघडणीवरील ज्यूल ब्लॉक यांचा पायाभूत ग्रंथ मुळात फ्रेंचमध्ये, पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. फ्रेंच शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ मुळातून वाचावा आणि अनुवादाची ही परंपरा पुढे चालवावी.